सडा ‘पडीक’ नसतो, हे इंजिनिअरला कोण शिकवणार?

पर्यावरणशास्त्र किंवा वनस्पतीशास्त्र शिकलेल्या मुलांसमोर हल्ली इंटर्नशिपचा एक नवा प्रकार येऊ लागला आहे. यात झाडं मोजायची नसतात, जंगलात कॅमेरे लावायचे नसतात. काम असतं प्रशिक्षण तयार करण्याचं. जैवविविधता जपायची म्हणजे नेमकं काय करायचं, हे नोकरीत असलेल्या माणसांना शिकवणारा अभ्यासक्रम लिहायचा, त्यातली उदाहरणं शोधायची, स्लाइड आणि व्हिडिओ करायचे, फील्डवरचा एखादा दिवस आखायचा. शिकायला बसणारे वनरक्षक नसतात. ते रस्त्याचे इंजिनिअर असतात, पाटबंधारे खात्याचे शाखा अभियंते, नगररचनाकार, ग्रामसेवक, कारखान्याचे पर्यावरण अधिकारी, कधी बँकेचे कर्ज अधिकारी.

ऐकायला हे बसल्या जागचं, सोपं काम वाटतं. माझ्या मते कोल्हापूरसारख्या जिल्ह्यात याच्याइतकी गरजेची कामं थोडी असतील. पण असं काम आपल्याकडे ज्या पद्धतीनं उरकलं जातं, ती पाहता ते फुकट जाण्याची शक्यताही तेवढीच मोठी आहे.

मागणी आली कुठून?

आधी कायदा. जैविक विविधता कायदा २००२ मध्ये झाला. त्यातल्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत, म्हणजे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत, जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी. कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आणि हजारावर ग्रामपंचायती आहेत. एका समितीत सात माणसं धरली, तरी जैवविविधतेची कायदेशीर जबाबदारी असलेले सात हजार लोक एकट्या या जिल्ह्यात होतात. त्यातल्या किती जणांना आपण या समितीत आहोत हे माहीत आहे, हे गावात जाऊन विचारून पाहा.

मग जग. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला झालेल्या परिषदेत देशांनी २०३० पर्यंतची २३ उद्दिष्टं मान्य केली. त्यातलं चौदावं सांगतं की जैवविविधतेचा विचार वनखात्यापुरता न ठेवता सगळ्या खात्यांच्या धोरणांत आणि नियोजनात आणा. पंधरावं मोठ्या कंपन्यांकडे बोट दाखवतं. भारतानंही २०२४ मध्ये आपला सुधारित राष्ट्रीय आराखडा सादर केला, त्यातही २३ उद्दिष्टं आहेत. शिवाय बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीनं २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा ठरावीक नमुन्यातला अहवाल सक्तीचा केला आहे. तो भरायला माणसं लागतात, आणि त्या माणसांना शिकवायला आणखी माणसं. अशी ही मागणी तयार झाली.

घाईत भरलेल्या वह्या

प्रशिक्षणाशिवाय काम झालं की काय होतं, याचं उदाहरण आपल्याच कायद्यात आहे. प्रत्येक समितीनं लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. गावात कोणती झाडं, कोणते मासे, कोणत्या जातीचं भात, कोणाला कोणती औषधी वनस्पती माहीत आहे, ते सगळं लोकांकडून ऐकून लिहायचं. डॉ. माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात ही कल्पना प्रत्यक्षात आणली. त्यामागे साधा विश्वास होता की गुराख्याला, मच्छीमाराला, वैदूला जे माहीत असतं ते नोंदवण्याच्या लायकीचं आहे.

कायदा झाल्यावर चौदा वर्षांनी, २०१६ मध्ये, देशभरात अशा नोंदवह्या दीड हजारसुद्धा नव्हत्या. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे गेलं. लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि त्यानंतर पूर्ण न करणाऱ्या राज्याला महिन्याला १० लाख रुपये भरावे लागतील असं बजावलं. मग चक्रं अशी फिरली की काही वर्षांत आकडा अडीच लाखांच्या पुढे गेला.

लवादाचा हेतू चांगला होता. पण एक गाव समजून घ्यायला पावसाळा, हिवाळा आणि उन्हाळा असे तिन्ही ऋतू लागतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या वेगाचा अर्थ सांगायला नको. नोंदी करणारी बरीचशी मुलं विद्यार्थी किंवा ठेक्यावर घेतलेली. शेजारच्या दोन गावांच्या वह्यांत झाडांची यादी त्याच क्रमानं, त्याच चुकीच्या स्पेलिंगसह आली, अशा तक्रारी त्या काळात देशभरातून झाल्या. मी त्या मुलांना दोष देणार नाही. त्यांना फॉर्म मिळाला होता, प्रशिक्षण मिळालं नव्हतं.

मे महिन्यातला काळा कातळ

आता कोल्हापूरकडे येऊ, कारण हा विषय हवेत राहिला की त्याचं पॉवरपॉइंट होतं.

पन्हाळ्याजवळचं मसाई पठार मे महिन्यात पाहिलं तर काळा-तांबडा कातळ, वाळलेलं गवत आणि भणाण वारा. सह्याद्रीच्या माथ्यावर असे जांभ्या दगडाचे सडे जागोजागी आहेत. सातबाऱ्यावर अशी जमीन सहसा ‘पोटखराबा’ म्हणून लागते. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशातही ‘उघडा खडक’ असा स्वतंत्र प्रकार आहे. इंजिनिअरच्या डोळ्यानं पाहिलं तर ही जागा म्हणजे लॉटरीच. झाडं तोडायची नाहीत, पीक नाही, पाया भक्कम, वारा आणि ऊन भरपूर. पवनचक्की, सोलर, रिसॉर्ट, हेलिपॅड, काहीही बसवा. खाली बॉक्साइट असेल तर खाण. राधानगरी, शाहूवाडी आणि चंदगड तालुक्यांत ती उदाहरणं आहेतच.

तोच सडा ऑगस्टच्या अखेरीस बघा. कातळाच्या खळग्यांत बोटभर माती आणि त्यात निळ्या-जांभळ्या फुलांचा थर : सीतेची आसवं. ही वनस्पती मातीतल्या पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाते, कारण त्या मातीत नायट्रोजन जवळपास नसतोच. शेजारी दवबिंदू, तीही कीटकभक्षी. पांढऱ्या गेंदांचे गालिचे. काही आठवडेच टिकणाऱ्या डबक्यांत वायतुरा. दगडाखाली देवगांडूळ, ज्याला पाहून लोक साप किंवा गांडूळ समजतात आणि जो खरं तर बेडकाच्या कुळातला बिनपायाचा उभयचर आहे. यांतल्या काही प्रजाती पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाहीत. आणि फुलांचं सोडा, जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेलं पाणी त्यातून झिरपतं आणि उतारावरच्या झऱ्यांना मिळतं. सड्याखालच्या वाडीचं पाणी बऱ्याचदा त्या ‘पोटखराब्या’तून आलेलं असतं.

हे ज्ञान आपल्याकडे नाही असं नाही. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागानं कंदीलपुष्पांवर अनेक वर्षं काम केलं आहे, दुर्मीळ जाती बागेत वाढवून जपल्या आहेत. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली, त्यांत महाराष्ट्रातली चार आणि त्या चारांत आपलं राधानगरी. विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड, चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं म्हणून जाहीर झाली. माहिती विद्यापीठात आहे, वनखात्यात आहे. ज्याच्या सहीनं सड्यावर जेसीबी चढतो त्याच्या टेबलापर्यंत ती पोहोचत नाही. मधलं हे अंतर पार करणं हेच प्रशिक्षणाचं काम आहे.

वनखात्याची माणसं शिकतातच. शेजारच्या सांगली जिल्ह्यात कुंडलला वनखात्याची प्रबोधिनी आहे. इंजिनिअरचं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांमुळे पदवीच्या सगळ्या शाखांना पर्यावरणाचा पेपर सक्तीचा आहे. मी इंजिनिअरिंग केलं तेव्हा तो ‘स्कोरिंग’ विषय होता. ओझोनचा थर, ॲसिड रेन, वाघ वाचवा. सगळं खरं, पण माझ्या शाखेच्या कामाशी त्याचा संबंध कुणी जोडून दाखवला नाही. काँक्रीटचं मिक्स डिझाइन एका पेपरात, बेडूक दुसऱ्या पेपरात. दोघांची भेट चार वर्षांत झाली नाही.

मोरी, गटार आणि बर्गे

ती भेट घडवायची तर शिकणाऱ्याच्या कामातूनच शिरावं लागेल. राधानगरी अभयारण्य ३५१ चौरस किलोमीटरचं आहे. १९५८ मध्ये गव्यांसाठी जाहीर झालेलं हे राज्यातलं पहिलं अभयारण्य. त्याच्या हद्दीतून दाजीपूरवरून फोंडा घाटाकडे जाणारा रस्ता आहे. अशा रस्त्यावर काम करणाऱ्या इंजिनिअरला ‘गवा हा आपला वारसा आहे’ हे सांगून उपयोग नाही. त्याला मोरी दाखवा. ह्यूम पाइपची मोरी टाकली तर पावसाळ्यात ती पूर्ण भरते, आत चालायला कोरडी जागा उरत नाही, मग साळिंदर आणि उदमांजर रस्त्यावरून जातात आणि चिरडले जातात. त्याऐवजी चौकोनी मोरी आणि आत एका बाजूला पाण्याच्या पातळीच्या वर हातभर रुंदीचा कट्टा ठेवला, तर लहान प्राण्यांची वाट खालून होते. रस्त्याकडेच्या गटाराला दोन्ही बाजूंनी उभ्या काँक्रीटच्या भिंती असल्या की बेडूक, कासव, सरडा आत पडतो आणि तिथंच मरतो. ठरावीक अंतरावर एका बाजूला उतार दिला की तो बाहेर येतो. काँक्रीट अस्तराच्या कालव्याचंही तसंच, फक्त तिथं पडणारा प्राणी गवा असू शकतो.

मोठ्या प्रमाणावर हे आपल्याच राज्यात झालेलं आहे. नागपूर-सिवनी महामार्गावर पेंचच्या जंगलातल्या १६ किलोमीटरच्या टप्प्यात, न्यायालयीन लढाईनंतर, प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून भुयारी मार्ग आणि लहान पूल मिळून नऊ जागा बांधल्या गेल्या. भारतीय वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत वाघांसह अनेक प्रजाती त्या वापरताना दिसल्या. म्हणजे प्राणी वापरणारच नाहीत, पैसा वाया, ही शंका निकालात निघाली आहे.

पण कोल्हापूरसाठी माझं सगळ्यात आवडतं उदाहरण वेगळं आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा राज्यातला प्रत्येक सिव्हिल इंजिनिअर अभ्यासतो. दगडी खांब, त्यांत खाचा, खाचांत बर्गे. पाऊस सुरू होण्याआधी बर्गे काढायचे, पावसाळा संपला की पुन्हा घालायचे. रचनेचं कौतुक पुराचं पाणी आणि गाळ वाहून जातो म्हणून होतं. पण त्याच मोकळ्या खाचांतून आणखी एक गोष्ट जाते : चढणीचे मासे. पहिल्या पावसात उलट्या प्रवाहानं वर, ओढ्यांकडे अंडी घालायला जाणारे. कायमच्या उंच भिंतीच्या बंधाऱ्यात हे होत नाही. म्हणजे आपल्या पूर्वीच्या इंजिनिअरांनी, मनात असो नसो, माशांसाठी दरवाजा ठेवला आहे. तो कधी उघडायचा आणि कधी बंद करायचा हे वेळापत्रक ठरवताना पुराबरोबर माशाचाही विचार करायचा, आणि बर्गे घातल्यावर खाली थोडं तरी पाणी वाहतं ठेवायचं, इतकंच शिकवायचं आहे. उन्हाळ्यात शिरोळकडे तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचे खच पडतात. त्याचं मुख्य कारण पंचगंगेत सोडलेलं सांडपाणी आहे, ते बर्ग्यांच्या वेळापत्रकानं सुटणार नाही. पण साचलेल्या पाण्यात तेच सांडपाणी जास्त मारक होतं, हे बंधारा सांभाळणाऱ्याला माहीत असायला हवं.

इकडे नदी नाही म्हणणाऱ्यांसाठी मंदिराचं कुंड आहे. हिरण्यकेशी आपल्या आजरा, गडहिंग्लजमधून वाहते, पण उगम आंबोलीला. तिथल्या कुंडातला एक बोटभर मासा २०२० मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदवला गेला, त्याला नदीचंच नाव मिळालं. पुढच्याच वर्षी ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर झाली. तोपर्यंत कुणी सुशोभीकरणाच्या निधीतून कुंडाच्या तळाला काँक्रीट केलं असतं, तर? तीर्थक्षेत्र विकासाच्या कामांचं एस्टिमेट करणाऱ्यांच्या प्रशिक्षणात हा प्रश्न पहिल्या तासाला हवा.

(कंसातली गोष्ट : हे प्रशिक्षण बातमीदारांनाही हवं. शहराच्या वेशीवर गवा आला की लाइव्हची झुंबड उडते, गर्दी वाढते, गवा बिथरतो. आमच्या धंद्यासाठीही एखादं सत्र ठेवा.)

दरसूचीत नाही, म्हणजे नाही

यावर एक चांगला आक्षेप आहे. वीस वर्षं नोकरी झालेला कार्यकारी अभियंता म्हणेल, ‘हे सगळं पटतं हो, पण दरसूचीत याचा आयटमच नाही. आयटम नसेल तर एस्टिमेटमध्ये धरता येत नाही, धरलं तर ऑडिट धरतं.’ तो खरं बोलतोय. सरकारी कामात ज्या गोष्टीला दर नाही ती गोष्ट अस्तित्वात नाही. मन वळवणारी भाषणं इथंच आपटतात.

म्हणून प्रशिक्षणाचं यश टाळ्यांवर किंवा प्रमाणपत्रांवर मोजू नये. दोन दिवसांनंतर शिकणाऱ्याच्या हातात काय आहे ते बघावं. मोरीतल्या कट्ट्याचं ड्रॉइंग आणि त्याचं दरविश्लेषण. गटाराच्या उताराचं मोजमाप. सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये ‘पडीक’ लिहिण्याआधी भरायचे चार रकाने : पावसाळ्यात पाहिलं का, पाणी कुठं जातं, गुरं कोण चारतं, जैवविविधता समितीला विचारलं का. बँकेच्या कर्ज अधिकाऱ्यासाठी तेच रकाने प्रकल्प अहवालाला जोडायचे. इतकं साधं. पण इतकं साधं करायला खूप काम लागतं, आणि ते काम करणारा बहुधा इंटर्न असतो.

इंटर्नकडून काय करून घ्यायचं?

इंटर्न हा शब्द आपल्याकडे झाडून सगळ्या कामांसाठी वापरला जातो. झेरॉक्सपासून वेबसाइटपर्यंत. जैवविविधतेच्या प्रशिक्षणाबाबत सगळ्यात सोपा मार्ग असा : मुलाला लॅपटॉप द्या, इंग्रजीतलं मॉड्यूल द्या, मराठी करून घ्या, वर सह्याद्रीचा एक फोटो लावा. एआयच्या जमान्यात हे एका दुपारी होतं. त्यातून नोंदवह्यांसारखाच एक ढीग तयार होईल, फक्त डिजिटल.

त्याच्याकडून दोन्ही बाजूंचं ऐकून आणण्याचं काम करून घ्यावं. आठ दिवस उपअभियंत्याबरोबर साइटवर : तो निर्णय कधी घेतो, कोणत्या कागदावर, कोणत्या टप्प्यानंतर बदल अशक्य होतो. आठ दिवस गुराखी, मच्छीमार आणि वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांबरोबर. मग लिहायला बसावं. लिहिलेलं तज्ज्ञानं तपासावं, कारण फुलाचं नाव चुकलं तर इंजिनिअर बाकीच्यावरही विश्वास ठेवणार नाही. शिकवायला मात्र इंटर्नला उभं करू नये. बावीस वर्षांच्या मुलीनं पन्नाशीच्या अभियंत्याला शिकवणं अवघड जातं, आणि यात तिचा दोष नाही. शिकवावं त्याच खात्यातल्या एखाद्या वरिष्ठानं, तिनं तयार केलेलं साहित्य घेऊन. त्यावर तिचं नाव असावं.

आणि पैसे. राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिन्याला १० हजार रुपये विद्यावेतन ठरवलं आहे. आधी सहा महिने होते, नंतर मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढली. सरकारी कार्यालयं आणि ग्रामपंचायतींत असे प्रशिक्षणार्थी घेतले गेले आहेत. तेवढ्या पैशांत गगनबावड्याला चार फेऱ्या आणि खोलीचं भाडं भागतं असं नाही, पण ‘अनुभव मिळेल’ या पगारापेक्षा ते बरं. फुकट इंटर्नशिप ज्याच्या घरचं भागतं त्यालाच परवडते. चंदगडच्या वाडीतली, सड्यावर गुरं चारत वाढलेली मुलगी त्यात गळते, आणि या कामासाठी नेमकी तीच हवी असते.

शेवटची अडचण कॅलेंडरची आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदव्युत्तर अभ्यासक्रमात चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग आलं. एक क्रेडिट म्हणजे तीस तास, एकूण १२० तास. हे तास सहसा परीक्षा संपल्यावर, उन्हाळ्यात उरकले जातात. मे महिन्यात सड्यावर नेलेला इंटर्न काळा कातळ बघेल आणि प्रामाणिकपणे ‘पडीक’ असंच लिहून येईल. १२० तासांची दोन तुकड्यांत विभागणी करायला विद्यापीठाला फार मोठा निर्णय लागत नाही : साठ तास उन्हाळ्यात, बर्गे काढतात आणि एस्टिमेटं तयार होतात तेव्हा, उरलेले साठ ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सडा फुललेला असताना. ऑक्टोबरमध्ये बर्गे पुन्हा बसायच्या आधी पहिली तुकडी शिकून तयार होऊ शकते.